कोकण रेल्वेने थांबत थांबत, ठाणे ते कण्णूर (१० ते २४ जानेवारी २०२६): बेत तपासून द्या

रानजाई | ५ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

चौघांचा बेत आहे: आम्ही दोघं, सासूबाई (६८) आणि सासरे (७२). शनिवार १० जानेवारीला ठाण्याहून निघायचं आणि शनिवार २४ ला परतीच्या गाडीत बसायचं. गाडी भाड्याने घेऊन लांबचा प्रवास करायचा नाही, ज्येष्ठांना घाटवळणं सोसत नाहीत. म्हणून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जायचं ते रेल्वेनेच. कागदावर ही नावं आहेत: रत्नागिरी-गणपतीपुळे, मालवण, दक्षिण गोवा, गोकर्ण, उडुपी, कण्णूर, अलप्पुझा, वर्कला.

प्रश्न तीन. एवढं बसतं का? तिकिटं एकत्र काढावीत की तुकड्यातुकड्याने? आणि कुठला टप्पा ज्येष्ठांना त्रासाचा ठरेल?

लूपलाईन | ५ नोव्हेंबर, रात्री १०:२५

बसत नाही. पंधरा दिवसांत आठ मुक्काम म्हणजे एक दिवस आड सामान बांधणं. अलप्पुझा आणि वर्कला आत्ताच काढून टाका. कण्णूरच्या पुढे आणखी पाच-सहा तासांचा प्रवास आहे, तो परतीलाही वाढतो. शिवाय शबरीमलेचा मकरविळक्कू उत्सव १४ जानेवारीला असतो. शबरीमलेचा हंगाम त्यानंतर काही दिवसांनी संपतो, आणि तोवर दक्षिण केरळकडे जाणाऱ्या गाड्यांत मुंगीला शिरायला जागा नसते. कण्णूर उत्तर केरळात असल्यामुळे त्याला याची झळ कमी.

आता मुद्द्याचं. या मार्गाचा बेत नकाशा बघून आखू नका, गाड्यांचे थांबे आणि त्या थांब्यावर गाडी किती वाजता पोचते ते बघून आखा. मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मडगावपर्यंत दिवसा धावतात आणि कारवारची किनारपट्टी रात्री ओलांडतात. नेत्रावती टिळक टर्मिनसहून दुपारच्या आधी सुटते, रात्री उशिरा मडगाव, आणि उडुपी येते भल्या पहाटे. मत्स्यगंधा दुपारनंतर सुटते, ती गोकर्णच्या बाजूला पोचते तेव्हा अजून उजाडलेलं नसतं. गोकर्ण रोड स्टेशन गावापासून सुमारे १० किमीवर, मदनगिरीला आहे. त्या वेळी तिथे चौघं, सहा बॅगा आणि मिळाली तर एखादी रिक्षा. म्हणून मडगावच्या दक्षिणेला 'मुंबईची गाडी' हा विचार सोडून द्यायचा आणि मडगावहूनच सुटणाऱ्या किंवा सकाळी मडगावला येणाऱ्या गाड्या धरायच्या.

सकाळी मडगाव गाठणारी एक चांगली गाडी म्हणजे १२१३३, मुंबई-मंगळूर जंक्शन. सीएसएमटीहून रात्री सुटते, सकाळी मडगाव आणि दुपारपर्यंत मंगळूर. मडगाव ते उडुपी हा टप्पा तिच्यात उजेडी होतो, होन्नावरजवळचा शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूलसुद्धा. फक्त लहान थांबे ती गाळते, तेवढं तपासा. मडगाव-मंगळूर वंदे भारतही आहे, पण ती कारवार आणि उडुपी एवढ्याच दोन ठिकाणी थांबते, गोकर्णच्या कामाची नाही. त्या टप्प्याला मडगाव-मंगळूर मेमू (लहान थांबेही घेणारी लोकलसारखी गाडी).

मालवणचो_झील | ५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

रानजाई ताई, मालवणाक तीन रात्री द्या. दोन रात्रींत किल्लो, तारकर्ली नि देवबाग धावत होता, म्हाताऱ्या माणसांका धाप लागता.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) मालवणला स्टेशन नाही. कुडाळ उतरावं, तिथून मालवण २८-३० किमी, एसटीने तासाभराचा रस्ता. सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन आहे म्हणून किल्ला तिथेच असेल असं समजून लोक ओरोसला उतरतात. किल्ला मालवणच्या समुद्रात आहे, आणि ओरोसला बस-रिक्षा कुडाळपेक्षा कमी मिळतात. कणकवली उतरलात तर अंतर ४५ किमीच्या घरात जातं.

दुसरं, वंदे भारत कुडाळला थांबत नाही. कणकवलीनंतर ती थेट थिवीला. कुडाळसाठी जनशताब्दी, तेजस, मांडवी, कोकणकन्या यांतलं एक घ्या. तेजस रोज नसते, वार बघा.

सातमापी | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

तारखांबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही. उडुपीला १८ जानेवारी २०२६ ला 'पर्याय' नावाचा उत्सव आहे. दर दोन वर्षांनी सम वर्षी १८ जानेवारीला कृष्णमठाची पूजा एका मठाकडून दुसऱ्याकडे जाते. यंदा शिरूर मठाची पाळी. आदली रात्रभर मिरवणूक, रथबिदीवर (मठाभोवतीच्या रस्त्यावर) पाय ठेवायला जागा नसते आणि लॉजं कित्येक आठवडे आधी भरतात. बघायचंच असेल तर खोली आजच धरा. ज्येष्ठांना घेऊन जायचं असेल तर १७ ते १९ उडुपी टाळा, २० पासून मठ निवांत असतो.

गोकर्णचं गणित उलटं आहे. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार तिथे बंगळूरची गर्दी. रविवारी संध्याकाळी पोचा, सोमवार-मंगळवार राहा. खोलीचे दरही उतरतात.

लूपलाईन | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

पर्यायाची आठवण बरी केली. तर मग साचा असा धरू.

१० शनि ठाणे ते रत्नागिरी, दोन रात्री. १२ सोम रत्नागिरी ते कुडाळ, मालवणात तीन रात्री. १५ गुरु कुडाळ ते मडगाव, दक्षिण गोव्यात तीन रात्री. १८ रवि मडगाव ते गोकर्ण रोड, दोन रात्री. २० मंगळ उडुपी, दोन रात्री. २२ गुरु कण्णूर, दोन रात्री. २४ शनि संध्याकाळी कण्णूरहून नेत्रावती, २५ ला दुपारनंतर ठाणे.

२६ जानेवारी सोमवारी आहे, म्हणजे शनि-रवि-सोम जोडून सुट्टी. मुंबईकडे परतणारी मोठी गर्दी सोमवारी होईल, तुम्ही रविवारीच घरी असाल. तरीही नेत्रावतीचं तिकीट या सगळ्यांत आधी हातात पाहिजे. बाकीचे टप्पे हुकले तर बस आहे, टॅक्सी आहे. कण्णूर-ठाणे हुकलं तर चौघांचं विमान.

रानजाई | ६ नोव्हेंबर, दुपारी १:१५

हा साचा घरी मान्य झाला. आता तिकिटं. ठाणे ते कण्णूर एकच तिकीट काढून मध्ये उतरता येतं असं एकाने सांगितलं, आणि दुसऱ्याने चक्राकार तिकीट सुचवलं. त्यात पैसे वाचतात का?

तिकिटखिडकी | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

दोन्ही तुमच्या कामाची नाहीत. कारणं सांगतो, कारण हा सल्ला दर धाग्यावर कुणीतरी देतंच.

मध्ये उतरण्याची सवलत ५०० किमीपेक्षा लांबच्या तिकिटावर मिळते, आणि पहिला उतार ५०० किमी प्रत्यक्ष प्रवास झाल्यावरच. तोपर्यंत रत्नागिरी आणि कुडाळ दोन्ही मागे पडलेली असतात. वर एक हजार किमीपर्यंत एकच उतार, त्यापुढे दोन. जनशताब्दीसारख्या गाड्यांना ती लागूच नाही.

चक्राकार तिकिटावर आठ उतार मिळतात, दरही लांब पल्ल्याचा लागतो. पण ते वर्तुळाचं तिकीट आहे. कोकणातून जाऊन कोकणातूनच परत आलात तर वर्तुळ होत नाही. परत येताना कोइमतूर-पुण्याकडून आलात तर होईल. ते ऑनलाइन निघत नाही, रेल्वेच्या वाणिज्य कार्यालयाकडे मार्ग लिहून द्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. सहा टप्प्यांसाठी एवढी यातायात नको.

तेव्हा तुकड्यातुकड्यानेच काढा. महाग पडतं हे खरं. कोकण रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे रोहा ते ठोकूर, भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. म्हणूनच सीएसएमटी-मडगाव तिकिटावर ७६५ किमी दिसतात, प्रत्यक्षात सहाशेच्या आतच आहेत. दुसरं म्हणजे प्रत्येक श्रेणीला किमान अंतर असतं: थर्ड एसी ३०० किमी, स्लीपर २००, एसी चेअरकार १५०, सेकंड सीटिंग ५०. रत्नागिरी-कुडाळ प्रत्यक्ष १३० च्या आसपास, वाढवून १८० च्या घरात. तिथे थर्ड एसी काढलंत तर ३०० किमीचे पैसे जाणार, तेही अडीच-तीन तासांसाठी आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अंथरुणावर बसून. लहान टप्प्यांना चेअरकार किंवा सेकंड सीटिंग. थर्ड एसी फक्त परतीला.

तिकिटखिडकी | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:५५

तारखाही लिहून ठेवा. आगाऊ आरक्षण ६० दिवस, प्रवासाचा दिवस सोडून, सकाळी ८ वाजता उघडतं. ठाणे-रत्नागिरी १० जानेवारी म्हणजे ११ नोव्हेंबर. रत्नागिरी-कुडाळ १२ जानेवारी म्हणजे १३ नोव्हेंबर. परतीची नेत्रावती २४ जानेवारी म्हणजे २५ नोव्हेंबर.

पुष्कळांचं चुकतं ते इथे. हे दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही चढता त्या तारखेपासून नाही. कोकणकन्या १५ जानेवारीला सकाळी कुडाळला येते ती १४ च्या रात्री मुंबईहून सुटलेली असते. तिचं बुकिंग १५ नोव्हेंबरला उघडेल, १६ ला नाही. १२१३३ चंही तसंच. तत्काळलाही हाच नियम: मूळ स्टेशनच्या तारखेच्या आदल्या दिवशी एसी सकाळी १० ला, बिगर-एसी ११ ला.

आयआरसीटीसी खातं आधारशी आजच जोडा. बुकिंग उघडण्याच्या दिवशी सुरुवातीची वेळ आता आधार पडताळलेल्या खात्यांनाच आहे आणि तत्काळ तर त्याशिवाय ऑनलाइन निघतच नाही. आठ वाजता ओटीपीची वाट बघत बसलात तर बस चुकली म्हणून समजा.

घाटवळण | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

यात एक भर. रत्नागिरी-कुडाळसारख्या मधल्या टप्प्याला कोटा तुटपुंजा असतो. जागा रिकाम्या असूनही तुम्हाला 'पीक्यूडब्ल्यूएल' किंवा 'आरएलडब्ल्यूएल' दिसेल. ही छोट्या कोट्यांची वेटिंग, ती सहसा हलत नाही, २ असली तरी. त्याच गाडीत ठाणे-कुडाळ बघा. तिथे जागा असेल तर ते तिकीट काढा आणि बुकिंग करतानाच बोर्डिंग रत्नागिरी टाका. भाडं ठाण्यापासूनचं जाईल पण जागा पक्की.

बोर्डिंग बदललं नाही तर मात्र घोटाळा. तुम्ही ठाण्याला दिसला नाहीत की टीसी 'आले नाहीत' अशी नोंद करतो आणि जागा आरएसीवाल्याला जाते. मग रत्नागिरीला तिकीट दाखवून भांडण्यात अर्थ नसतो, नियम त्याच्या बाजूने आहे.

कोथिंबीरवडी | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

पहिल्या दिवशी जनशताब्दी की मांडवी? जनशताब्दीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा आहे म्हणतात.

लूपलाईन | ६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आहे. तेजसलाही आहे. पण जनशताब्दी सीएसएमटीहून पहाटे ५:१० ला सुटते. ठाण्याला पावणेसहाच्या सुमारास फलाटावर उभं राहायचं म्हणजे सासऱ्यांना चारला उठवणार. वंदे भारत तिच्यामागे पंधरा मिनिटांनी, तीच कथा (आणि शुक्रवारी ती नसते, तुमचा शनिवार आहे म्हणून चालेल). मांडवी ७:१० ला सुटते, ठाण्याला आठच्या आत, दुपारी रत्नागिरी. दोन-अडीच तास उशिरा पोचाल, पण हॉटेलची खोलीही दुपारनंतरच मिळते. शिवाय मांडवीच्या पॅन्ट्रीचं नाव आहे, दर वीस मिनिटांनी काहीतरी गरम फिरत असतं. डबा न बांधता निघा.

विस्टाडोमचा मोह असेल तर तो रत्नागिरी-कुडाळ टप्प्यावर पुरा करा. जनशताब्दी तिथे साडेदहा-अकराच्या सुमारास येते, वेळ सोयीची. भाडं मात्र चेअरकारच्या कितीतरी पट.

कुठे बसायचं तेही सांगतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे आणि सह्याद्री डावीकडे. पण खिडकीतून समुद्र दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. हा मार्ग बहुतांश आतून, डोंगर पोखरून गेलेला आहे. दिसतात त्या खाड्या, भातशेतं, नारळाच्या वाड्या. उक्षी ते भोके दरम्यान करबुडे बोगदा, साडेसहा किमी. फोन गेला की घाबरू नका, बोगदा संपला की रेंज येते. रत्नागिरी सुटल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल येतो, तो ज्येष्ठांना आधी सांगून ठेवा. खाली बघितल्यावर काहींना गरगरतं. गोव्यात थिवी आणि करमळीच्या मध्ये मांडवी, करमळी आणि वेर्णाच्या मध्ये जुवारी.

दुधसागर या मार्गावर नाही, विचारायच्या आधीच सांगतो. तो मडगाव-लोंढा मार्गावर, कुळें आणि कॅसलरॉकच्या मध्ये आहे.

रानजाई | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

दुधसागर विचारणारच होते :) दोन शंका. गाड्या उशिरा किती धावतात? आणि लहान स्टेशनवर दोन मिनिटांत चौघं कसे उतरणार?

लूपलाईन | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

उशिराचं मूळ कारण एकेरी मार्ग. रोहा ते वीर एवढा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी मार्ग बहुतेक एकेरीच आहे. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनातल्या लूपवर साईडला टाकतात. कुणाला टाकायचं ते गाडीच्या दर्जावर ठरतं. मेमू आणि पॅसेंजर नेहमी थांबतात, वंदे भारतला वाट मोकळी. एकदा गाडीची ठरलेली वेळ चुकली की पुढच्या प्रत्येक क्रॉसिंगला तिचा नंबर शेवटी लागतो, म्हणून अर्ध्या तासाचा उशीर मडगावपर्यंत दीड तास होतो. हिवाळ्यात हे प्रमाण माफक असतं.

यावरून निवड कशी करायची? लहान टप्प्याला जवळून सुटलेली गाडी घ्या. निजामुद्दीनहून येणारी मंगला किंवा गुजरातेतून येणारी साप्ताहिक गाडी तीन राज्यांचा उशीर घेऊन येते. एका दिवसात दोन गाड्या जोडायच्याच असतील तर मध्ये तीन तास ठेवा. आणि २०२५ चं वेळापत्रक १ जानेवारीला लागू झालं होतं. पुढचंही तसंच लागू शकतं, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या गाड्यांच्या वेळा एनटीईएसवर (रेल्वेचं गाड्यांची माहिती देणारं ॲप) पुन्हा बघा.

क्रॉसिंगमुळे आणखी एक भानगड होते, ज्येष्ठांसाठी तीच जास्त महत्त्वाची. गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची ते आयत्या वेळी बदलतं. पलीकडचा फलाट जाहीर झाला की पुलाचा जिना चढून जावं लागतं, आणि लहान स्टेशनांवर सरकता जिना नाही. गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनात पोचा आणि स्टेशन मास्तरांच्या खोलीत जाऊन 'अमुक गाडी कुठे घेताय' असं सरळ विचारा. घोषणेच्या बरंच आधी त्यांना ठाऊक असतं.

मालवणचो_झील | ७ नोव्हेंबर, दुपारी १:४०

उतरायचं तंत्र सोपं आहे. कणकवली सुटली की वीसेक मिनिटांत कुडाळ. कणकवलीलाच मोठ्या बॅगा दाराशी न्यायच्या. डब्याला दोन टोकांना दोन दारं असतात, चौघांनी एकाच दारात गर्दी करायची नाही. एक जण आधी मोकळ्या हाताने खाली, ज्येष्ठांना हात देऊन उतरवायचं, मग वरच्याने बॅगा खाली द्यायच्या. बॅग आधी टाकून माणूस मागे राहिला की गाडी हलते आणि मग साखळी ओढण्याची वेळ येते. लहान स्टेशनांवर फलाट खाली असला तर शेवटची पायरी आणि जमीन यांत फूटभर अंतर पडतं. सासूबाईंना तोंड डब्याकडे करून, दांडी धरून उतरायला सांगा.

चढताना डब्याची जागा एनटीईएसवर किंवा फलाटावरच्या पाटीवर बघून त्या खांबाशी उभं राहायचं. दोन मिनिटांत अर्धा फलाट धावणं ज्येष्ठांना जमायचं नाही.

खारीवारी | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

आम्ही हाच प्रवास जूनमध्ये करायच्या विचारात आहोत. हिरवंगार कोकण. काय हरकत?

लूपलाईन | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

हरकत नाही, फक्त तो वेगळा प्रवास आहे. पावसाळी वेळापत्रक यंदा १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्यात वेग कमी, बऱ्याच गाड्यांच्या वेळा तासातासाने सरकतात आणि मुंबई-मडगाव वंदे भारत आठवड्याचे तीनच दिवस. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडींमुळे मोठे अपघात झाले, तेव्हापासून ही शिस्त आहे. कटिंगमधली माती पाणी पिऊन सुटते आणि धोंडे थेट रुळावर येतात. जुलै २०२४ मध्येही दिवाणखवटीला दरड आणि पेडण्याच्या बोगद्यात पाणी, असं दोन्ही झालं होतं. पावसाळ्यात जायचं तर एकाच ठिकाणी राहा, सहा ठिकाणं जोडू नका.

मालवणचो_झील | ७ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

आणि किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, जून-जुलै मासेमारी बंद. ताटात येतो तो बर्फातला मासा नाहीतर तिसऱ्या-कुर्ल्या. पापलेट खायच्या आशेने येणार असाल तर ऑगस्टनंतर.

सातमापी | ७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

दक्षिणेकडच्या टप्प्यांचं राहिलं होतं.

गोव्यात तीन रात्री पाळोळ्याला काढणार असाल तर मडगावला उतरून टॅक्सीने सुमारे ४० किमी. पण १८ ला निघताना परत मडगावला येऊ नका, काणकोण स्टेशन पाळोळ्यापासून तीनेक किमी आहे. मेमूसारख्या गाड्या तिथे थांबतात, वंदे भारत नाही. कोलवा-बाणावलीला राहिलात तर मडगावच सोयीचं.

गोकर्ण रोडला रिक्षावाले गावापर्यंत ठरावीक दर सांगतात. चौघांना आणि सामानाला दोन रिक्षा लागतील, हॉटेलला सांगून गाडी मागवलेली बरी. ओम किनाऱ्याच्या वाळूवर उतरायला पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर गावाला लागून असलेला मुख्य किनाराच ठीक.

उडुपी स्टेशन इंद्राळीला, मठापासून साडेतीन-चार किमी. सेंट मेरी बेटाच्या बोटी मलपे बंदरातून. बेटावर लाव्हाचे षटकोनी खांब आहेत, बघण्यासारखे, पण चालायला खडबडीत. ज्येष्ठांनी मलप्याच्या किनाऱ्यावर बसलेलं बरं.

आता २२ तारीख. उडुपी ते कण्णूर थेट आणि सोयीच्या वेळेची रोजची गाडी शोधत बसू नका. मुंबईकडच्या गाड्या उडुपीला पहाटे येतात आणि साप्ताहिक गाड्यांचे वार जुळत नाहीत. इथे रेल्वेचा हट्ट सोडा: उडुपी-मंगळूर ६० किमी, खासगी एक्स्प्रेस बस पाठोपाठ सुटतात, दीडेक तास. रस्ता सपाट आहे, घाट नाही. पुढे मंगळूर ते कण्णूर १३० किमीच्या आसपास, रेल्वेने दोन-अडीच तास.

आणि इथेच लोक हमखास फसतात. मंगळूरला दोन स्टेशनं आहेत: सेंट्रल शहरात, जंक्शन कंकनाडीच्या बाजूला, पाच-सहा किमी लांब. मुंबई-केरळ गाड्या जंक्शनवरून जातात. मत्स्यगंधा सेंट्रलला संपते. केरळकडच्या दिवसाच्या बऱ्याच गाड्या, परशुराम आणि एरनाडसकट, सेंट्रलहून सुटतात. तिकिटावर कुठलं नाव आहे ते वाचून मगच रिक्षात बसा. 'रेल्वे स्टेशन' एवढंच सांगितलंत तर रिक्षावाला सेंट्रलला नेऊन सोडेल.

घाटवळण | ७ नोव्हेंबर, रात्री १०:००

परशुराम आणि एरनाड दोन्ही सकाळी लवकरच्या आहेत ना? उडुपीहून बसने येऊन त्या कशा मिळणार?

सातमापी | ७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नाही मिळणार, त्या मंगळूरला मुक्काम करणाऱ्यांसाठी. उडुपीहून न्याहारी करून निघालात तर दुपारची गाडी धरायची. कण्णूरपर्यंतच्या कमी अंतराच्या गाड्याही असतात. तिकीट अनारक्षित काढायचं असेल तर २०० किमीच्या आतलं तिकीट त्याच दिवशी, काढल्यापासून तीन तासांच्या आत वापरावं लागतं. सकाळीच मोबाइलवर काढून ठेवू नका. पण ज्येष्ठ आहेत, सेकंड सीटिंगचं आरक्षण करा, फार पैसे लागत नाहीत.

कण्णूरला दोन गोष्टी ज्येष्ठांसाठी उत्तम. मुळप्पिलंगाडचा किनारा, जिथे गाडी थेट वाळूवर नेता येते, चार-पाच किमी. कोणालाही चालावं लागत नाही. दुसरं परश्शिनिकडवूचं मुत्तप्पन मंदिर, कण्णूरहून वीसेक किमी. तेय्यम (देवाचं रूप घेऊन होणारा विधीनाच) एरवी हंगामात आणि गावोगावच्या जत्रेत असतं, इथे मात्र बहुतेक रोज सकाळ-संध्याकाळ होतं. संध्याकाळचं गाठा.

रानजाई | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

खूप उपयोग झाला. परतीच्या नेत्रावतीत चौघांचं एकत्र तिकीट काढू ना? दोघांना खालची बर्थ हवीच.

तिकिटखिडकी | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

एकत्र काढू नका. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा पुरुष ६० आणि महिला ४५ वर्षांपुढे असा आहे, पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. तुमची दोन नावं जोडलीत की संगणक तो कोटा बाजूला ठेवतो आणि सासऱ्यांना वरची बर्थ येऊ शकते. सासू-सासऱ्यांचा एक पीएनआर, कोटा ज्येष्ठ नागरिक. तुमचा दुसरा, सर्वसाधारण. तो कोटा फक्त बर्थपुरता आहे, भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे.

२५ नोव्हेंबरला आठ वाजता दोन फोनवर दोन खाती उघडून बसा, प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून. पहिल्यांदा ज्येष्ठांचं काढा. डबा कुठला आला ते बघून तुमच्या तिकिटात 'पसंतीचा डबा' या रकान्यात तोच क्रमांक टाका. आणि १० जानेवारीच्या मांडवीचा चार्ट आदल्या रात्रीच लागेल. दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचं आता तसंच आहे. आरएसी किंवा वेटिंग राहिलं असेल तर झोपण्याआधीच कळेल.

मालवणचो_झील | ८ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

मालवणची खोली आत्ताच धरा, १४ ला संक्रांत आहे. देवबागला राहिलात तर १५ च्या गुरुवारी पहाटेसाठी रिक्षा आधी सांगून ठेवा. कोकणकन्या कुडाळला सकाळी लवकर येते आणि देवबाग मालवणच्याही पुढे आहे, त्या वेळची एसटी धरवणार नाही.